आमची शहाणी

शनिवारी शाळा नव्हती, तरी शहाणीची पाळी नेहमीसारखी सकाळी आठलाच सुरू झाली. आत्या कामाला निघून गेली, बाबा खाली दुकान उघडायला गेले आणि मागच्या खोलीत आईजवळ ती एकटी उरली. तिने आधी खिडकी नीट लागली आहे ना ते पाहिलं. मग आईच्या हातात चहाचा कप दिला, अर्धाच भरलेला. पूर्ण भरला तर आईच्या हाताच्या थरथरीने सांडतो, हे तिला ठाऊक होतं. मग कंगवा घेऊन ती पलंगावर चढली. आई पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. केसांचा पार गुंता झाला होता. केस मुळाशी घट्ट धरायचे आणि टोकाकडून सोडवत वर यायचं, म्हणजे दुखत नाही, हे दोन वर्षांपूर्वी आईनेच तिला शिकवलं होतं. मुलगी हलक्या हाताने गुंता सोडवत होती आणि आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

शहाणी हे काही तिचं नाव नव्हे. पण घरात, जिन्यावर, शाळेत सगळे तिला तेच म्हणत. वय वर्षं साडेसात. हट्ट नाही, रडारड नाही, उलट उत्तर नाही. शेजारीण आपल्या मुलाला रागावताना तिचा दाखला देई. त्यामुळे तो मुलगा तिच्याशी खेळत नसे, आणि तिलाही खेळायला वेळ नसे.

घर चष्म्याच्या दुकानावर होतं. जिना चढून आलं की बोळ. बोळाच्या एका टोकाला रस्त्याकडची बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला मागची खोली. या मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. गेल्या आठ महिन्यांत बसवलेली.

साडेदहाला आजोबांनी तिला बैठकीच्या खोलीत बोलावलं. आजोबा निवृत्त शिक्षक. सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणे. चाळीस वर्षं मुलांकडून पाठांतर करून घेतलेला माणूस. त्यांनी नातीला समोर उभं केलं आणि आवाज न चढवता उजळणी घेतली. आई कुठे आहे? आजीकडे, विश्रांतीला. बाळ कुठे आहे? आईबरोबर. आई केव्हा येणार? लवकरच. आईला काही होतंय का? नाही, आईची तब्येत छान आहे.

"शाबास," मास्तर म्हणाले. "अकराला चित्रांच्या बाई येतील. विचारतील तेवढंच सांगायचं."

या घरात हे सगळं कसं सुरू झालं, ते सांगायला हवं. मुलीची आई पूर्वी दुकानात बसायची. कुठल्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल, नाकावर कुठली टोचेल, हे तिला नुसतं बघून कळायचं. गिऱ्हाईकं दारातूनच विचारत, वहिनी आहेत का? त्या नसतील तर उद्या येतो. तिचा नवरा, चष्मेवाला, हसून म्हणायचा, दुकान माझं आणि गिऱ्हाईक हिचं. दीड वर्षापूर्वी तिला दुसरं मूल झालं. बाळ गुटगुटीत होतं, पण तिला त्याच्याकडे बघवेना. झोप गेली, जेवण सुटलं. हे बाळ चुकीच्या घरात आलंय, माझ्या हातून त्याचं काहीतरी वाईट होईल, असं ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली.

मोठ्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून नीट समजावलं. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना हा आजार होतो. यात कुणाचा दोष नाही. औषधाने बरा होतो. मात्र किमान वर्षभर गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद तर अजिबात करायच्या नाहीत. दीड महिन्यात ती झोपू लागली, बाळाला मांडीवर घेऊ लागली. एका दुपारी ती खाली दुकानात आली आणि तासभर बसलीसुद्धा. चष्मेवाल्याला त्या दिवशी काय करू आणि काय नको असं झालं होतं.

आणि मग आत्याचं स्थळ आलं.

चांगलं स्थळ होतं. आत्या एकतीस वर्षांची, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. याआधी तीन ठिकाणी जमता जमता फिसकटलं होतं. या मुलाचा मामा चौकातला औषधविक्रेता, आणि वहिनीच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून येत; त्या कुणासाठी, हे अजून त्याला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी आधी दुकान बदललं. मग त्यांच्या मनाने घेतलं की दुसऱ्या दुकानातूनही बातमी फुटेलच. सून आता बरी आहे, मग गोळ्या हव्यातच कशाला? साखरपुडा होऊ दे, लग्न पार पडू दे, मग काय हवे ते उपचार करू. पाचव्या महिन्यात गोळ्या बंद झाल्या. सातव्या महिन्यात आजार दुप्पट जोराने परतला. बाळाला परगावी त्याच्या मावशीकडे पाठवलं, थोडे दिवस म्हणून. सुनेला मागच्या खोलीत ठेवलं, तेही थोडे दिवस म्हणून.

मास्तर दुष्ट नव्हते. रोज संध्याकाळी ते सुनेच्या खोलीबाहेर उभं राहून, तिला हवं-नको विचारत. पण त्यांच्या लहानपणी त्यांचा थोरला भाऊ एकटाच बोलत हिंडायला लागला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या घराला लोक वेड्याचं घर म्हणत. त्या नावापायी त्यांच्या दोन्ही बहिणींची लग्नं मोडली. धाकटी तर साठाव्या वर्षी याच घरात, भावाच्या संसारात भांडी घासत गेली. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं की आपल्या लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही.

आत्याला सगळं कळत होतं. औषध मध्येच तोडल्याने काय होतं, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. तिने एकदा वडिलांना म्हणून पाहिलं, अण्णा, डॉक्टरांनी वर्षभर सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, तुझ्यासाठीच करतोय हे. ती पुन्हा काही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला हे लग्न हवं होतं.

चष्मेवाला सकाळी आठला खाली जाई तो रात्रीच वर येई. दुकानात काम नसलं तरी काचा पुसत बसे.

राहिली शहाणी. शाळा दुपारची. सकाळभर तिने आईजवळ बसायचं, संध्याकाळी आल्यावर पुन्हा बसायचं. खोलीबाहेर पडताना कडी लावायची. आईने काही विचित्र केलं तर आजोबांना हाक मारायची. आणि बाहेर कुणाला एक अक्षर सांगायचं नाही, कारण सांगितलं तर आत्याचं लग्न मोडेल. एवढं सगळं एका साडेसात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवून घरातली मोठी माणसं आपापल्या कामाला जात होती, आणि जाताना तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणत होती, आमची शहाणी आहे म्हणून बरं.

चित्रांच्या बाई म्हणजे विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकवणारी एक संशोधिका. मुलांच्या भावना कशा घडतात आणि घरातल्या वातावरणाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, असा तिचा तीन वर्षांचा अभ्यास होता. दोनशे मुलं, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी एक भेट. पिशवीत चित्रांचे संच, गोष्टी, एक घड्याळ आणि छापील तक्ते. शाळेने ज्या मुलांची नावं दिली त्यांत शहाणी होती. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं तर लोक कारण विचारतील.

पहिल्या भेटीत मुलीने संशोधिकेला चकितच केलं. टेबलावर कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवायची आणि मी येईपर्यंत हात लावू नकोस असं सांगून खोलीबाहेर जायचं, अशी एक चाचणी होती. बहुतेक मुलं चुळबुळ करतात, कागदाचा कोपरा उचलून बघतात, एकाने तर वास घेऊन पाहिला होता. शहाणी पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसून राहिली. राग कधी येतो? येत नाही. रडू कधी येतं? येत नाही. संशोधिकेने तक्त्यावर संयमाच्या रकान्यात सर्वांत वरचा आकडा लिहिला. दुसऱ्या भेटीतही तेच. विभागप्रमुखांनी एका व्याख्यानात, नाव न घेता, या मुलीचं उदाहरण दिलं. शाळेकडून मास्तरांना कौतुकाचं पत्र आलं. ते त्यांनी कपाटात जपून ठेवलं होतं, आणि मनापासून.

दुसऱ्या भेटीनंतर मात्र संशोधिकेला काहीतरी खटकत राहिलं. मुलगी उत्तरं देताना तिच्याकडे बघायची, पण कान बोळाकडे असायचे. पुढच्या वेळी जरा खोलात जायचं, असं तिने वहीत टिपून ठेवलं होतं. ती पुढची वेळ म्हणजे हा शनिवार.

अकराला पाच मिनिटं असताना शहाणी आईजवळून उठली आणि दाराकडे गेली. मागून आईचा आवाज आला. गेल्या चार दिवसांत आई पहिल्यांदाच बोलली होती.

"कडी नको लावूस गं. जीव गुदमरतो माझा."

मुलगी दारात थांबली. आईने तिच्याकडे बघितलं होतं, भिंतीकडे नाही. तिला एवढा आनंद झाला की क्षणभर काही सुचेना. तिने सांगितलं, मी वीस मिनिटांत येते, तू इथेच बस हं. आईने मान हलवली. मुलीने दार नुसतं लोटून घेतलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच सांगितलेलं ऐकलं नाही.

बैठकीच्या खोलीत संशोधिकेने दार बंद करून घेतलं, तो नियमच होता. मुलाशी बोलताना घरातलं कुणी ऐकायला नको. मास्तर स्वयंपाकघरात बोळाकडे पाठ करून पेपर वाचत बसले. मागच्यासारखीच वीस मिनिटं ना, असं मुलीने आधीच विचारून घेतलं. वीस मिनिटं, संशोधिका म्हणाली. चित्रं झाली, एक गोष्ट झाली. वीस मिनिटं संपली तेव्हा मुलीने विचारलं, झालं का? संशोधिकेने मान वर करून बघितलं. मुलीचे पाय हलत होते, बोटं फ्रॉकच्या शिवणीशी खेळत होती. दोन भेटींत जे दिसलं नव्हतं ते आज दिसत होतं. तिने तक्त्यावर वेळ नोंदवली, बाजूला 'अस्वस्थ' असं लिहिलं आणि आणखी एक गोष्ट काढली. मुलीने पुन्हा विचारलं, झालं का? संशोधिका समजुतीने म्हणाली, थोडंच राहिलंय. खरं तर तिला थांबवेना. आज हे मूल पहिल्यांदा मोकळं होतंय, असं तिला वाटत होतं. वीस मिनिटांची चाळीस झाली.

त्या चाळीस मिनिटांत कधीतरी आई उठली, बोळातून जिन्यापर्यंत आली आणि अनवाणी पायांनी खाली उतरली.

जिना दुकानाच्या बाजूलाच उतरतो. चष्मेवाला गिऱ्हाईकाचे डोळे तपासत होता, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे चौकातला औषधविक्रेता, नवऱ्या मुलाचा मामा. चष्मेवाल्याने काचेतून बायकोला बघितलं. नीट विंचरलेले केस, अंगावर घरातला गाऊन, पाय उघडे. ती मोठ्या रस्त्याच्या दिशेने चालली होती. हाक मारायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण हाक मारली असती तर मामाने मान वळवून बघितलं असतं. ती कोपऱ्यापर्यंत जाईल आणि परतेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. हा माणूस दोन मिनिटांत उठेल, मग मी धावतच जातो. त्याने हातातली काच बदलली आणि विचारलं, आता स्पष्ट दिसतंय का?

मामा सात मिनिटांनी उठला. तोवर कोपऱ्यापलीकडे मोठ्या रस्त्यावर गर्दी जमली होती. एका मालवाहू ट्रकसमोर ती आली होती. ट्रकवाला डोक्याला हात लावून कडेला बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की बाई थांबलीच नाही हो, मी भोंगा वाजवला, ती थांबलीच नाही. इस्पितळात पोचल्यावर तासाभरात ती गेली.

लोकांना सांगितलं गेलं ते असं: सून माहेराहून त्याच सकाळी परतली होती, भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि अपघात झाला. लोक हळहळले. औषधविक्रेत्या मामाने तर सगळी धावपळ केली. मुलीला कुणी काही विचारलं नाही. तिने बोलणंच थांबवलं होतं. पण ती रडत नव्हती, जेवत होती, वेळेवर शाळेत जात होती, त्यामुळे ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. उलट येणारेजाणारे म्हणत, केवढ्या समजूतदारपणे घेतलंय पोरीने.

सोमवारी मुख्याध्यापिकेने फोनवर ही बातमी दिली तेव्हा संशोधिकेने शनिवारचा तक्ता पुढ्यात ओढला. वरती मुलीचंच उत्तर लिहिलेलं होतं: आई आजीकडे, विश्रांतीला. खाली तिने स्वतः नोंदवलेल्या वेळा होत्या. अपघाताची वेळ तिने मुख्याध्यापिकेला दोनदा विचारली. फोन ठेवल्यावर तिने ती आपल्या वेळांशेजारी लिहिली.

विभागप्रमुखांनी तिला वाईट वाटणं स्वाभाविक आहे असं म्हटलं आणि मूल अभ्यासातून वगळायला सांगितलं. आई गेल्यावर निकष बदलतात. आपलं काम नोंदी घेण्याचं, घरांत लुडबुड करण्याचं नव्हे. संशोधिकेने त्यांना विचारलं की मग आपण आजवर नक्की कशाच्या नोंदी घेत होतो. विभागप्रमुखांना प्रश्न कळला नाही. तिलाही तो तेव्हा धड मांडता आला नाही.

ती शाळेत जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीत, चित्रकलेच्या रिकाम्या वर्गात ती मुलीशेजारी नुसती बसे. पिशवी नाही, तक्ता नाही. मुलगी डबा खाई, डबा पुसून बंद करी आणि वर्गात परत जाई. तिसऱ्या आठवड्यात डबा पुसता पुसता ती म्हणाली,

"तुम्ही वीस मिनिटं म्हणाला होतात."

हो, असं संशोधिका म्हणाली. चूक माझी झाली.

मुलीने मान हलवली. ती चूक तिला महत्त्वाची वाटत नव्हती. तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"मी कडी लावली नव्हती," ती म्हणाली. "आजोबांनी रोज सांगितलं होतं. मी लावली नाही, म्हणून आई मेली."

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. खोली, कंगवा, अर्धा कप चहा, रोजची प्रश्नोत्तरं. हे सगळं सांगताना मुलीचा चेहरा जराही हलला नाही. ज्या चेहऱ्याला आपण सर्वांत वरचा आकडा दिला तो हाच, हे संशोधिकेला तेव्हा समजलं. एवढंसं पोर आठ महिने जीव मुठीत धरून बसलं होतं, आणि आपण शाबासकी दिली.

त्याच संध्याकाळी ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तिला दारातच उभं ठेवलं. आमच्या घरात आता तपासण्यासारखं काही राहिलेलं नाही, असं त्यांनी सभ्यपणे सांगितलं आणि दार लावून घेतलं. ती अर्धा जिना उतरली असेल, तोच आत्या मागून आली. जिन्याच्या वळणावर, खालून दुकानातला काचा घासायच्या फिरत्या दगडाचा आवाज येत असताना, संशोधिकेने तिला कडीबद्दलची मुलीची वाक्यं जशीच्या तशी सांगितली. आत्यासकट घरातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. कडी उघडी कशी राहिली, हे कुणी मुलीला विचारलंच नव्हतं. कारण विचारलं असतं तर कडी होती, हे मोठ्यांनाच तोंडाने म्हणावं लागलं असतं.

अपघातानंतर तीन महिन्यांनी, एका रविवारी, मुलाकडची मंडळी पुन्हा आली. नवरा मुलगा, त्याची आई आणि मामा. घरात दुःख झालंय, थाटमाट नको, पण तारीख ठरवू, असं बोलणं झालं. चहा आला. मुलाची आई शांत, जपून बोलणारी बाई होती. तिने शहाणीला जवळ घेतलं आणि आईची आठवण येते का गं, म्हणून विचारलं.

शहाणीने आजोबांकडे बघितलं. मास्तरांच्या मानेची किंचित हालचाल झाली. मग ती सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि ऐकून ऐकून पाठ झालेलं म्हणून दाखवलं. तीन महिन्यांत तिच्या तोंडून घरात निघालेले हे पहिलेच शब्द होते.

"आई भाजी आणायला गेली होती. रस्त्यावर अपघात झाला. आईची तब्येत छान होती."

आत्याने हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"अण्णा, पुरे आता," ती म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळली. "माझी वहिनी आजारी होती. मनाच्या आजाराने. औषधाने बरी झाली होती. तुमचं स्थळ आलं म्हणून आम्ही औषध बंद केलं आणि तिला त्या मागच्या खोलीत बाहेरून कडी लावून ठेवलं. आठ महिने. तुमच्यापासून लपवायला. मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसले, कारण मला लग्न करायचं होतं."

मास्तरांनी तिला थांबवायला हात वर केला. आत्या गुडघ्यांवर बसली. आता ती पाहुण्यांशी बोलत नव्हती.

"बघ इकडे. दार उघडं ठेवलंस त्यात तुझं काहीच चुकलं नाही. ती गुदमरत होती, तुला एकटीला ते कळलं. ते दार आम्ही बंद करायलाच नको होतं. आईला डॉक्टरकडे न्यायचं काम आमचं होतं, आमच्यातल्या एकानेही ते केलं नाही. तुझी आई तुझ्यामुळे गेली नाही, राणी. आमच्यामुळे गेली."

चष्मेवाला भिंतीशी उभा होता. "मी बघितलं होतं तिला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. "काचेतून. जाताना. मामा समोर बसले होते, म्हणून मी हाक मारली नाही."

औषधविक्रेत्याने हातातला कप खाली ठेवला.

शहाणी बापाकडे बघत राहिली. तिच्या तोंडातून आधी नुसताच एक आवाज निघाला, दुखावलेल्या जनावरासारखा. मग ती रडायला लागली. आणि एकदा लागली ती कुणाच्याने थांबवेना. ती खाली पडून रडली, आत्याला लाथा मारल्या, बापाच्या हाताला चावली. "हाक का नाही मारली?" एवढंच ती ओरडत होती. बापाने हात काढून घेतला नाही. मास्तर खुर्चीत बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या ओठांवर एक नाव आलं. ते त्यांच्या थोरल्या भावाचं होतं, आणि त्यांच्या मुलांनी ते जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पाहुणे उठले. मुलाने जाताना कुणाकडे पाहिलं नाही, मामा नुसता नमस्कार करून निघाला. मुलाची आई मागे राहिली. जिन्याच्या तोंडाशी तिने आत्याचा हात धरला, काहीतरी बोलायला गेली, आणि न बोलता खाली उतरली. लग्न मोडलं, हे कुणी कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

या गोष्टीचा शेवट गोड नाही. शहाणी संशोधिकेच्या ओळखीच्या एका बालमानसतज्ज्ञाकडे जाते. शाळेत मारामाऱ्या करते, वह्या फाडते, आणि शिक्षिका आत्याला बोलावून विचारतात की एवढ्या गुणी मुलीला झालं तरी काय. बाळ परत आलं आहे. ते मावशीसाठी रडतं. चष्मेवाला लेकीशी बोलायला जातो आणि ती तोंड फिरवते. कधीतरी ती त्याला माफ करील किंवा करणार नाही. ते तिचं तिने ठरवायचं आहे.

संशोधिकेने अभ्यास सोडला नाही. पहिल्या सहा महिन्यांत ज्या अकरा मुलांना संयमाचे सर्वांत जास्त गुण मिळाले होते, त्यांच्या घरी ती पुन्हा गेली. या वेळी तिने मुलांना काही विचारलं नाही. मोठ्यांना विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहिली. चार घरांत कुणी ना कुणी दाराआड होतं. हे तिने विभागप्रमुखांपुढे ठेवलं आणि सांगितलं की अहवालात आधी माझ्या चुकीचं प्रकरण जाईल, मग बाकीचं. ते म्हणाले, अशाने तुमचं नाव खराब होईल. ती म्हणाली, नाव राखण्यापायीच तर एक बाई गेली.

अहवालाचं काम चालू असताना एका दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, जपून बोलणारी. चष्म्याच्या दुकानावरच्या घरातल्या त्या मुलीच्या आत्याने तुमचा नंबर दिला, असं तिने सांगितलं. त्या घरी माझ्या मुलाचं जमत होतं, ते मोडलं. आमच्या घरात लहान मूल नाही, ती म्हणाली, तेव्हा तुमच्या अभ्यासात आम्ही बसत नसू; तरी याल का?

कुणाला बरं नाही, असं संशोधिकेने विचारलं.

"माझा थोरला मुलगा," बाई म्हणाली. "वरच्या मजल्यावर असतो. लोकांना आम्ही एकच मुलगा आहे असं सांगतो."

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

संशोधिकेने पत्ता लिहून घेतला. उद्या सकाळी येते, म्हणाली. मग जरा थांबून, उद्या नको, आत्ताच निघते. आणि त्याला कुठल्या नावाने हाक मारायची, असं तिने विचारलं.

बाईने ते नाव सांगितलं. त्या घरात ते कुणी मोठ्याने घेतल्याला चौदा वर्षं झाली होती.